भंडाऱ्याचा कोसा : झाड कुणाचे, सूत कुणाचे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भंडारा जिल्ह्याची ओळख कुणी विचारली, तर आपण पटकन तीन गोष्टी सांगतो. तलाव, तांदूळ आणि पितळेची भांडी. चौथी गोष्ट सांगायची वेळ आली की थोडे थांबतो आणि मग म्हणतो, "हो, आमच्याकडचा कोसा." घरातल्या एखाद्या जुन्या पेटीत आजीचे कोशाचे लुगडे असते. मधासारख्या रंगाचे, हाताला किंचित खरखरीत, उन्हात धरले की आतून उजळल्यासारखे दिसणारे. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावची कोष्ट्यांची मागंही आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. पण त्या मागावरच्या बाण्याचे सूत कुठून आले, असे विचारले तर उत्तर बहुधा भंडाऱ्याचे नसते. ते छत्तीसगडचे असते, बिहार-झारखंडचे असते. आणि ताण्यासाठी लागणारे एकसारखे, न तुटणारे सूत चीनमधूनही येते.

ज्या जिल्ह्याच्या नावाने टसर किड्याची एक जात शास्त्रीय ग्रंथांत नोंदलेली आहे, त्या जिल्ह्यातल्या मागाला परमुलखाचे सूत का लागावे? आजचे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे. भंडारा म्हणताना माझ्या मनात १ मे १९९९ पूर्वीचा, म्हणजे गोंदियासकटचा जिल्हा आहे. कोशाला जिल्ह्यांच्या सीमा कळत नाहीत. त्याला फक्त ऐनाचे आणि अर्जुनाचे झाड कळते.

आधी कोसा म्हणजे काय ते पाहू, कारण शहरात याविषयी बराच गोंधळ असतो. आपण ज्याला साधारणपणे रेशीम म्हणतो ते तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या अळीचे. ही अळी हजारो वर्षे माणसाच्या घरात राहून इतकी माणसाळली आहे की तिचे पाखरू धड उडूही शकत नाही. तिला पाला तोडून आणून घालावा लागतो. टसरची अळी मात्र रानातली. ती झाडावरच वाढते, झाडावरच पाने खाते आणि झाडाच्याच फांदीला देठासारखी कडी गुंफून तिला आपला कोष टांगते. आवळ्याहून मोठा, कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान, करड्या किंवा पिवळसर रंगाचा आणि लाकडासारखा टणक असा हा कोष असतो. आतला कोषस्थ किडा हिवाळा-उन्हाळा झोपून काढतो. पावसाळी दमट हवा लागली की पाखरू बाहेर येते. या पाखराला तोंड असून नसल्यासारखेच. ते काही खात नाही. चार-सहा दिवसांच्या आयुष्यात जोडा जमवायचा, मादीने दीड-दोनशे अंडी घालायची आणि संपायचे. आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात, बारीक अळ्या निघतात. चार वेळा कात टाकून महिना-सव्वा महिन्यात त्या बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार होतात आणि कोष विणायला बसतात.

हे सगळे उघड्या रानात घडते, हे लक्षात घ्या. तुतीची अळी घरात असते, तिला छप्पर असते. टसरची अळी पावसात, वाऱ्यात, पक्ष्यांच्या चोचीसमोर आणि मुंग्यांच्या रांगेत वाढते. म्हणून तिला राखणदार लागतो. आमच्या भागात हे राखणीचे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर समाजाने केले.

ढिवर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाळे येते. ते चूक नाही. वैनगंगा, तिच्या उपनद्या, मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या हे त्यांचे एक शेत. पण वर्षाचा सगळाच काळ मासोळीवर निघत नाही. पावसाळ्यात शिंगाडा लावायचा, दुसऱ्याच्या धुऱ्यावर रोवणीला जायचे आणि त्याच सुमारास रानात कोसा घालायचा, असे त्यांचे वर्ष चालायचे. पावसाच्या तोंडाशी पहिले पीक घेतात, ते मुख्यतः बियाण्यासाठी. पाऊस ओसरू लागला की दुसरे पीक, ते विकण्यासाठी. हे दुसरे पीक कार्तिकाच्या आगेमागे हाती येते. त्याच दिवसांत धान कापणीला आलेला असतो आणि मजुरीलाही माणूस हवा असतो. म्हणून घरातली माणसे वाटून घ्यावी लागतात. म्हातारा आणि पोरे रानात, धडधाकट माणसे धानाच्या बांधीत.

रानातला मुक्काम सोपा नसतो. ऐनाच्या झाडांच्या मधोमध पाल्याची झोपडी. एका झाडाची पाने संपत आली की अळ्यांसकट फांदी कापून दुसऱ्या झाडाला बांधायची. पहाटेपासून पाखरे हाकलायची, हातात गोफण नाहीतर गुलेर. बुंध्याभोवती मुंग्या येऊ द्यायच्या नाहीत. अळीच्या अंगात सोंड खुपसून रस शोषणारा ढेकूण असतो, तो वेचून मारायचा. गांधीलमाशी असते, माकडे असतात. त्यातून वाचले तर रोग आहेतच. एखाद्या दिवशी सकाळी पाहावे तर अळ्या मान टाकून फांदीला उलट्या लोंबकळत असतात. चाळीस दिवसांची मेहनत दोन दिवसांत काळी पडते.

माणसाच्या हातात न राहणाऱ्या अशा पिकाभोवती व्रते-नियम जमतातच. देशातल्या सगळ्या टसर पट्ट्यात, मग तो सिंहभूमचा असो की आपला, अळ्या झाडावर असेपर्यंत राखणदाराने बायकोपासून वेगळे राहायचे, मांस-मासा खायचा नाही, अंगाला तेल लावायचे नाही, असे नियम पाळले गेले. एरवी मासोळीवर जगणारा माणूस महिनाभर मासोळीला शिवत नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आपण याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण रोगाचा संसर्ग हाताने, कपड्याने, वावराने पसरतो हे समजण्याआधीच्या काळात रानात येणेजाणे कमी ठेवणारा, राखणदाराला झाडाखाली बांधून ठेवणारा नियम अगदीच बिनकामाचा नसावा.

आता थोडे मागे जाऊ. रेशीम चीनने शोधले आणि तिथून ते जगभर गेले, असे आपण शाळेत शिकलो. तुतीच्या रेशमापुरते ते खरे आहे. पण रानरेशमाची गोष्ट वेगळी निघाली. सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदडो या दोन ठिकाणच्या दागिन्यांत आणि मण्यांत अडकलेले धाग्यांचे अंश तपासले गेले. २००९ मध्ये आयरीन गुड, मार्क केनोयर आणि रिचर्ड मेडो या संशोधकांनी ते रानरेशमाचे असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी २४५० ते २००० च्या दरम्यानचा. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी या उपखंडात टसरच्या कुळातला धागा वापरात होता. आपल्या महाराष्ट्रातही प्रवरेकाठच्या नेवाशाला डॉ. सांकळियांच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्यातले तांब्याचे मणी मिळाले. ते ज्या दोऱ्यात ओवले होते त्यात कापसाबरोबर रेशीमही होते. हे रेशीम कुठल्या रानातले होते, हे तो दोरा सांगत नाही. पण 'कौशेय' हा शब्द कसा सिद्ध होतो ते पाणिनीने सूत्रात सांगितले आहे आणि तो कोशापासूनच होतो. आमचा 'कोसा' हा त्याच शब्दाचा रानात राहिलेला भाऊ.

याच शब्दावरून विणकर जातीचे नाव पडले असावे, असे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोष्टी जातीविषयी सांगितले आहे. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा हा ग्रंथ त्यातल्या साहेबी शेऱ्यांसकट वाचावा लागतो, पण वाचावा. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पलीकडे नागभीड, आरमोरी असा कोष्टी वस्त्यांचा एक पट्टाच आहे. त्यांच्या मागावरची खास चीज म्हणजे करवत काठी. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. अंग कोशाचे, काठ वेगळ्या रंगाचा आणि दोन्ही एकमेकांत असे गुंतवलेले की जोड शोधून सापडत नाही. त्यासाठी मागावर तीन धोटे चालवावे लागतात आणि दोन्ही काठांकडे लक्ष ठेवायला बहुधा दुसरा माणूस हवा असतो. विदर्भाच्या या करवत काठीला आता भौगोलिक चिन्हांकनही मिळाले आहे.

कोशाला मागणी होती ती नुसत्या शोभेसाठी नव्हे. सोवळ्यासाठी होती. मुकटा, कद, पीतांबर यांशिवाय देवघरात पाऊल न टाकणारी घरे होती. रेशीम धुतले नाही तरी विटाळत नाही, अशी समजूत. गंमत अशी, की ज्या धाग्यावर पूजा चाले तो ढिवराने रानात राखलेला, कोष्ट्याने विणलेला आणि आतला जीव उकळून काढलेला असे. सोवळ्याने याची चौकशी कधी केली नाही.

इंग्रज आल्यावर काय झाले, हा पुढचा भाग. कंपनी सरकारला रेशमाची ओढ जुनीच. १८३० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या आसपास मुट्टी नावाच्या इटालियन गृहस्थाच्या देखरेखीखाली तुतीची लागवड करून दख्खनमध्ये रेशीम काढण्याचा सरकारी प्रयोग झाला. तो काही वर्षांत गुंडाळावा लागला. पुढे १८७० च्या दशकात मेजर कूस्मेकर नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यात टसर पाळून पाहिला. अहवाल लिहिले गेले, नमुने विलायतेला गेले. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र कुणाच्या अहवालाविना कोसा निघतच होता.

टसरला खरी विलायती प्रसिद्धी दिली ती थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने. इंग्लंडमधल्या लीक गावचा हा माणूस. टसरचा धागा चपटा आणि चिवट, त्यावर रंग चढत नाही, अशी युरोपात तक्रार होती. वॉर्डलने तो रंगवून दाखवला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने भारतीय रानरेशमाचे कापड मांडले आणि १८८१ मध्ये भारतातल्या रानरेशमांवर माहितीपुस्तक लिहिले. टसरपासून सीलच्या कातड्यासारखे मऊ केसाळ कापडही तिकडे निघू लागले. युरोपात 'टसोर' ही फॅशन झाली. पण मागणी वाढली तेव्हा फायदा झाला तो मुख्यतः चीनचा. तिकडे ओकच्या झाडावर वाढणारा टसर होता, त्याचे सूत जास्त एकसारखे होते आणि ते जहाजभर मिळत होते. आपला माल ठिकठिकाणच्या रानांतून, एकेका टोपलीने, दलालांच्या हातून फिरत बाहेर पडणारा. नाव आपल्याकडच्या धाग्याने कमावले आणि बाजार शेजाऱ्याने नेला. पुढे शंभर वर्षांनी आंधळगावच्या ताण्यात चिनी सूत आले, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

इकडे १ जानेवारी १८७७ ला नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे भंडारा-गोंदियाच्या मुलखातून धावू लागली. गिरणीचे स्वस्त कापड बाजाराच्या दिवशी खेड्यात पोचले. सुती कापडाचा कोष्टी त्यात मोडला. कोशाचा कोष्टी थोडा तगला, कारण त्याच्या कापडाची नक्कल गिरणीला करता येत नव्हती. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. दुष्काळात माणूस सर्वांत आधी काय घ्यायचे सोडतो? रेशमी लुगडे. विणकरावर दुष्काळाचा घाव शेतकऱ्याच्याही आधी पडतो तो असा.

आतापर्यंत मी धाग्याबद्दल बोललो. पण भंडाऱ्याच्या कोशाचे दुखणे धाग्यात नाही, झाडात आहे असे माझे मत आहे. ढिवराची अळी झाडावर जगते आणि ते झाड ढिवराचे कधीच नव्हते.

मालगुजारीच्या काळात गावचे जंगल मालगुजाराचे. ढिवराने त्याला काही पैसे, काही कोसे, काही वेठ द्यावी आणि ऐनाचा तुकडा हंगामापुरता वापरावा. हा काही रामराज्याचा मामला नव्हता. पण सौदा गावातच होत होता आणि समोरचा माणूस ओळखीचा होता. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारी राखीव जंगलाच्या हद्दी पक्क्या झाल्या. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ पासून मालगुजारांची जंगले सरकारकडे आली. गावकऱ्यांच्या सरपण-चराईच्या हक्कांची 'निस्तार पत्रके' झाली. आमच्याकडे तलावांना अजून 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारी म्हणून. जंगलाला मात्र माजी काहीच राहिले नाही. ते नुसते सरकारी झाले.

सरकारी वनशास्त्राच्या डोळ्याला साग दिसतो. ऐन हे दुय्यम लाकूड. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र जंगल काढून सागाची रोपवने उभी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. सागावर कोशाची अळी पोसत नाही. ऐन उरला तिथेही अडचण असतेच. कोशाला हवे असते डोक्याएवढे, हात पोचेल असे, छाटून कोवळा पाला आणलेले झाड. वनखात्याला हवे असते सरळ, उंच, न छाटलेले झाड. एकाची चांगली मशागत म्हणजे दुसऱ्याच्या लेखी नासधूस. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आणि कोका अभयारण्य. वाघ वाचला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण अभयारण्याच्या आत पाल्याची झोपडी टाकून चाळीस दिवस राखण बसणाऱ्याला जागा उरत नाही, हेही तितकेच खरे.

मग सरकारने कोशासाठी काहीच केले नाही का? केले. १९४८ च्या कायद्याने केंद्रीय रेशीम मंडळ झाले. १९६४ मध्ये रांचीला टसर संशोधनाची मध्यवर्ती संस्था सुरू झाली. मंडळाचे टसरचे काम भंडाऱ्यातही चालते. महाराष्ट्राने १ सप्टेंबर १९९७ रोजी स्वतंत्र रेशीम संचालनालय काढले आणि त्याचे मुख्यालय मुंबई-पुण्याला न ठेवता नागपूरला ठेवले.

या संस्थांचे सर्वांत मोलाचे काम बियाण्याचे आहे. रेशमाच्या अळीला पेब्रिन नावाचा रोग होतो आणि तो आईकडून अंड्यात उतरतो. १८६५ पासून पाच वर्षे लुई पाश्चर फ्रान्समध्ये याच रोगाच्या मागे लागला होता. त्याने काढलेला तोडगा आजही तोच आहे. मादीने अंडी घातली की तिला कुटून तिचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी जाळून टाकायची. यातून निघतात ते रोगमुक्त अंडीपुंज. ढिवराकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. तो कोष हातात घेऊन, वजन तोलून, कानाशी हलवून बियाणे निवडायचा. अंदाज चांगला असे, पण रोग अंदाजाला दिसत नाही. रोगमुक्त अंडी, लहान अळ्यांवर टाकायची नायलॉनची जाळी आणि झाडाखालची स्वच्छता यांनी पीक हाती लागण्याची खात्री वाढली, हे मान्य केलेच पाहिजे.

पण बियाणे केंद्रातून येऊ लागले, तसे ते केंद्राच्या सोयीचे येऊ लागले. सिंहभूमकडची 'डाबा' ही टसरची सर्वांत चालणारी जात. तिचे पीक नियमित, तिचे शास्त्र पक्के. ती आपल्याकडे पसरली. टसरच्या ज्या स्थानिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत त्यांत 'सुकिंदा', 'मोडाल', बस्तरची 'रैली' आणि 'आंध्र लोकल' यांच्याबरोबर 'भंडारा' हेही नाव आहे. वैनगंगेच्या उन्हाळ्याला आणि ऐनाच्या पाल्याला शेकडो पिढ्या सरावलेली ही आमच्या रानातली अळी. आज तिचे नाव जतनाच्या संदर्भात घेतले जाते. जतन हा शब्द कुठल्या वेळी वापरतात ते आपल्याला ठाऊक आहे.

कोष निघाला तरी सूत इथे निघेलच असे नाही. टसरचे कोष वजनावर नव्हे, नगावर मोजून विकतात. सोड्याच्या पाण्यात ते शिजवायचे, पूर्वी राखेच्या पाण्यात. मग चार-सहा कोषांची टोके एकत्र धरून धागा ओढायचा. टसरच्या पट्ट्यात हे काम बायकांनी उघड्या मांडीवर सूत वळून केले. मांडीची कातडी सोलवटून निघते. या पद्धतीला पर्याय म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडे 'बुनियाद' नावाचे लहान यंत्र आणले. पाखरू बाहेर पडल्यामुळे भोक पडलेला कोष वाया जात नाही, त्याचे जाडसर 'घिचा' सूत निघते. पण सूतकताई हा स्वतंत्र धंदा म्हणून छत्तीसगडातल्या चांपा-कोरब्याकडे किंवा भागलपूरला जसा उभा राहिला, तसा आपल्याकडे राहिला नाही. मग इथला कोष व्यापाऱ्याच्या पोत्यात बसून बाहेर जातो आणि सूत होऊन महाग भावाने परत येतो. मधला नफा प्रवासात राहतो.

आता आकडे पाहू, थोडेच. देशात टसरचे कच्चे रेशीम २०१६-१७ मध्ये सुमारे सव्वातीन हजार टन निघाले. २०२२-२३ मध्ये ते तेराशे टनांच्या आसपास आले. त्यातला सिंहाचा वाटा झारखंडचा. महाराष्ट्राचा वाटा टनांत सांगायचा तर फार बोटे लागत नाहीत. आणि याच काळात महाराष्ट्राचे एकूण रेशीम वाढले! ते कसे? तुतीमुळे. बीड, जालना, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर या मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी कापूस-सोयाबीनच्या कटकटीला कंटाळून विहिरीच्या पाण्यावर एखादा एकर तुती लावली. शेड बांधले, रोजगार हमीतून मदत मिळाली आणि वर्षाला चार-पाच पिके घेतली. आधी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ मध्ये जालन्याला राज्यातली पहिली कोष बाजारपेठ सुरू झाली. पैसा दिसू लागला.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याचे मला कौतुकच आहे. पण दोन रेशमांतला फरक इथेच उघडा पडतो. तुतीच्या रेशमाला सातबारा लागतो. जमीन असेल, विहीर असेल तर कर्ज मिळते, अनुदान मिळते, शेड होते. कोशाला सातबारा नाही. ढिवराच्या नावावर ऐनाचे एकही झाड नाही. विम्याच्या, कर्जाच्या, नुकसानभरपाईच्या कागदावर 'गट क्रमांक' हा रकाना असतो आणि त्याचा सगळा उद्योग त्या रकान्याच्या बाहेर चालतो. विदर्भात कोशाचा जोर पूर्वेकडे, गडचिरोलीच्या आरमोरी भागाकडे सरकला, तो जिथे ऐनाचे रान आणि त्यात शिरायची वाट दोन्ही शिल्लक होती तिकडे. भंडाऱ्यात दोन्ही आखडत गेली.

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजांची यादी दिली आहे. बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपाने यांच्या जोडीला त्यात 'टसर' आणि 'कोष' हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. वनस्पतीपासून मिळणाऱ्या वस्तूंच्या व्याख्येत किड्याचे कोष बसवले म्हणून एखादा प्राणिशास्त्रज्ञ हसेल. ढिवराने हसू नये, त्याच्या कामाचे ते दोन शब्द आहेत. अडचण पुढे आहे. या कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला एक कसोटी आणि इतर पारंपरिक वननिवासींना दुसरी. महाराष्ट्रात ढिवर हे भटक्या जमातींच्या यादीत, भोई समाजाच्या गटात येतात, अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळे १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण या जंगलावर जगत होतो हे त्यांना दाखवावे लागते. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले, त्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. ती गोंड गावाची कथा आहे. ढिवरवस्तीची वाट तेवढी सरळ नाही.

पंचाहत्तर वर्षांचा पुरावा ढिवराने आणावा कुठून? घर कुडाचे, कागद ठेवायला पेटी नाही. इथे इतिहासाचे काम सुरू होते. या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालेल ते सांगितले आहे. त्यात गॅझेटिअर आहे, जनगणना आहे, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आणि वनखात्याच्या कार्य आयोजना आहेत. शिवाय गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदनही आहे. म्हणजे ज्या जुन्या पुस्तकांना आपण ग्रंथालयाच्या कोपऱ्यात धूळ खाऊ देतो, त्यातल्या एखाद्या ओळीवर कुणाची तरी झाडे अवलंबून आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज वाचायला शिका. ती भाषा रुक्ष असते, अक्षर गचाळ असते. पण कोणत्या रानात कुणाला काय करू देत होते, हे तिथेच लिहिलेले सापडते.

वडीलधाऱ्यांच्या निवेदनाला मात्र घाई केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी जंगलालगतच्या एका ढिवरवस्तीत मी एका वृद्ध गृहस्थांशी बोलत बसलो होतो. पंच्याऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येणारे. आज्यासोबत लहानपणी कोसा राखायला गेल्याचे ते सांगत होते. कोणत्या झाडापासून कोणत्या झाडापर्यंत आपला तुकडा होता, मधे नाला कुठे होता, दुसऱ्या बाजूला कुणाची झोपडी होती, सगळे त्यांना पाठ. मी म्हटले, "बाबा, ती जागा दाखवता का?" त्यांनी नातवाचा हात धरला आणि आम्ही चालत निघालो. नाला सापडला. नाल्यापलीकडे ते थांबले, काठी उचलून त्यांनी समोर दाखवले. तिथे सागाच्या सरळ रांगा होत्या, एकसारख्या अंतरावर, प्रत्येक बुंध्यावर रंगाने घातलेला आकडा.

"इथंच," ते म्हणाले. नातवाने मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढला आणि मला विचारले, "सर, हा पुरावा चालेल का?"